बारक्याचं मत

आमचा बारक्या नगरपरिषदेवर निवडून आला तो दोन शब्दांवर. पूल उघडणार. बाकी त्याच्या पत्रकात रस्ते, दिवे, कचरा असं सगळ्यांच्या पत्रकात असतं ते होतं, पण ते कुणी वाचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानेही ते दुसऱ्याच्या पत्रकातून उतरवून घेतलं होतं.

पूल म्हणजे नदीवरचा झुलता पूल, फक्त पायी जायचा. अलीकडे आमची वस्ती. पलीकडे नगरपरिषद, इस्पितळ, मोठी शाळा, कारखाने, म्हणजे ज्यांच्यावर आमची पोटं चालतात ते सगळं. पुलावरून गेलं तर घरून निघालेला माणूस बोलता बोलता कामावर पोहोचायचा. पूल बंद झाल्यापासून गाड्यांच्या पुलावरून वळसा घालायचा, म्हणजे सकाळी अंधारात उठा आणि संध्याकाळी पाय ओढत या. पुलाच्या आमच्या टोकाला माझं शिवणकामाचं दुकान. माझं म्हणजे माझं आणि बारक्याचं, बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलेलं. लोक कामावर जाता जाता चेन तुटलेली पँट, उसवलेला कोट टाकून जायचे आणि येताना घेऊन जायचे. पूल बंद झाला आणि माझ्या दारावरून जायचं कुणाला कारणच उरलं नाही.

बंद केला मॅनेजरबाईंनी, तारा खराब झाल्यात म्हणून. आमच्या शहराची रीत अशी की लोक अकरा सदस्य निवडून देतात, त्यांतलाच एक अध्यक्ष होतो, आणि ते अकरा जण मिळून कारभार चालवायला एक मॅनेजर नेमतात. काय करायचं ते सदस्यांनी ठरवायचं, कसं करायचं ते मॅनेजरने बघायचं. हे शहाणपण मला आता आलंय. तेव्हा मला एवढंच कळत होतं की कुणीतरी एक बाई, जिला मी कधी मत दिलं नाही, तिने माझ्या दुकानासमोर लोखंडी जाळी ठोकली आणि माझं गिऱ्हाईक तोडलं. तिचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बारक्या माझ्याहून पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा तो शाळेत जायला लागला होता, त्यामुळे त्याचे डबे, त्याचे ताप, त्याचे गणिताचे मार्क, सगळं माझ्याच माथी. मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. दिवसभर लोकांना वर-खाली करायची सोय बघणारा माणूस, स्वतः मात्र सरळ चालणारा. निवडणुकीला उभं राहायची कल्पना माझ्याच डोक्यातून निघालेली. मी म्हटलं, नुसतं घरात बसून शिव्या देण्यापेक्षा तिथे जाऊन दे.

निवडून आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने पराक्रम केला. रस्ते खात्याच्या मुकादमाला फोन लावला, ‘नवा सदस्य बोलतोय’ म्हणाला आणि पुलावरची जाळी बाजूला करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी गायब. आमच्या वस्तीला आनंद झाला म्हणजे काय विचारता. माझी शेजारीण इस्पितळात आया आहे, ती जाताना माझ्या गालाला हात लावून गेली. मी दुकानाची काच पुसली, मशीनला तेल घातलं. दुपारचं जेवण उरकून बघते तर जाळी पुन्हा जागच्या जागी, आणि बारक्याला मॅनेजरबाईंचं बोलावणं.

मी त्याला तयार करून पाठवलं. म्हटलं, टेबलावर हात आपटून ये. पगार आपण देतो तिला. तो गेला छाती काढून आणि आला मान खाली घालून.

“ओरडली का?” मी विचारलं.

“नाही. पाणी दिलं आणि बस म्हणाल्या.”

“मग तोंड का उतरलंय तुझं?”

“त्यांनी एकच विचारलं, ताई. म्हणाल्या, मुकादमाला उद्या अध्यक्ष फोन करून सांगतील, जाळी लाव. परवा औषधवाले साहेब सांगतील, पुन्हा काढ. त्याने कुणाचं ऐकायचं? आणि आज त्या पुलावर काही झालं असतं, तर त्या माणसाच्या घरी सांगायला तुम्ही गेला असता, का मुकादम?”

औषधवाले म्हणजे आमच्या चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. कित्येक वर्षांचे सदस्य आणि मॅनेजरबाईंचे पक्के वैरी. त्यांनाही पूल उघडायचा होता, त्यामुळे तेव्हा मला ते फार सज्जन वाटायचे.

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? मी लिफ्ट बंद करून खाली पाटी लावतो, आणि वरच्या मजल्यावरचा एखादा मोठा माणूस माझ्या मदतनिसाला दम देऊन ती चालू करायला लावतो, तेव्हा मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे.”

मला राग आला तो त्याचा. पेलाभर पाण्यात विरघळला म्हणून. पण पुढे वेगळंच झालं. बाईंनी सगळ्या सदस्यांना कळवलं की जाळी काढली गेली याची जबाबदारी त्यांची स्वतःची. नव्या सदस्यांना कामाची पद्धत आधी समजावून द्यायला हवी होती, ते त्यांच्याकडून राहिलं. बारक्याचं नाव नाही, मुकादमाचं नाव नाही. बारक्याने ते वाचलं आणि पुढच्या सभेत स्वतःच उभा राहिला. म्हणाला, फोन मी केला होता, दुसऱ्या कुणाचा दोष नाही, पुन्हा होणार नाही. औषधवाल्यांनी नाक मुरडलं. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते, मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

त्यानंतर तो बाईंकडे जायला लागला, रीतसर वेळ घेऊन. तिथे त्यांची एक विचित्र पद्धत होती. कुणाही एका सदस्याने काही विचारलं की उत्तर अकराही जणांना जायचं. बारक्याला ते माहीत नव्हतं. त्याने बिचाऱ्याने चारचौघांत विचारायची लाज वाटते म्हणून गुपचूप लिहून विचारलं की अंदाजपत्रकात ‘राखीव’ म्हणजे नेमकं काय, ते खर्च का करत नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रश्न आणि उत्तर अकराजणांच्या हातात. हा घरी येऊन लालेलाल. म्हणाला, माझं हसं केलं बाईंनी. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. आता खरडपट्टी काढणार म्हणून याने दबकत उचलला. अध्यक्ष म्हणाले, “बरं झालं बाबा विचारलंस. मी इतकी वर्षं मान डोलवतोय.” मी हसून हसून बेजार झाले. बारक्याही हसला शेवटी.

“पण असं का करतात त्या?” मी विचारलं.

“म्हणजे कुणी आवडता नाही आणि कुणी नावडता नाही. औषधवाले त्यांना घालवायला टपलेत, तरी त्यांनाही तेच कळतं जे मला कळतं.”

हे मला पटलं, पण मी तसं कबूल केलं नाही. माझ्या दुकानासमोर जाळी होतीच की.

पुलाचा विषय सभेपुढे यायचा होता. औषधवाल्यांचा ठराव होता की पूल ताबडतोब उघडावा. मॅनेजरबाईंची शिफारस होती की उघडू नये, तारा बदलून मगच उघडावा, त्याला वर्ष तरी जाईल. आमची सगळी वस्ती सभेला जायला निघाली होती. आणि सभेच्या आदल्या दिवशी बाईंनी बारक्याला बोलावून सांगितलं की तुम्हाला या विषयावर बोलता येणार नाही, मतही देता येणार नाही. पुलाच्या टोकाला तुमचं दुकान आहे. पूल उघडला तर फायदा तुमच्या घरात येतो.

मी हातातली कात्री टाकली. “अरे, त्याच्यासाठीच तर लोकांनी तुला पाठवलंय. डाव आहे हा सगळा. तुझं मत कापलं की त्यांचं काम झालं.”

“नियम आहे, ताई. मी वकिलांनाही विचारलं.”

“मग तुझा वाटा माझ्या नावावर कर.”

“बहीण असली तरी तेच.”

सभेत विषय निघाला तसा बारक्या उठला, अध्यक्षांना कारण सांगितलं आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ज्याने पूल उघडायचा तो पोरगा पुलाच्या वेळी बाहेर. आमच्या लोकांत कुजबूज सुरू झाली. मतं पडली, पाच आणि पाच. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, “एका मतावर अडलं गं. तुझ्या दुकानापायी.” ती वाईट मनाने बोलली नव्हती. पण तो शब्द माझ्या काळजात रुतला.

रात्रभर मी काही विचारबिचार केला असं नाही. सकाळी उठले ती सरळ मॅनेजरबाईंच्या दारात. मला वाटलं होतं चार शिपाई आडवे येतील, पण दार उघडंच होतं. साधी खोली. भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर पाण्याचा तांब्या. बाई माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, “तुम्ही शिवणकामवाल्या ताई ना. बसा.”

“बसायला आले नाही,” मी म्हटलं आणि बसले. “एकच विचारते. मी दुकान विकलं तर माझ्या भावाला मत देता येईल का?”

बाईंनी चष्मा खाली घेतला. आता इथे त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. बघावं लागेल, वकिलांना विचारते, वेळ लागेल. पुढची सभा तोंडावर होती. एवढं टोलवलं असतं तरी त्यांचं काम फत्ते होतं, आणि मला कळलंही नसतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “देता येईल. पण विक्री खरी हवी. नातेवाइकाला नाही, परत घ्यायच्या बोलीवर नाही. सभेच्या आधी पुरी झालेली हवी. नाहीतर नंतर कुणीतरी हरकत घेईल आणि त्याचं मत बाद होईल.” मग त्यांनी मला कुठल्या खोलीत जायचं, कुणाकडून काय शिक्का घ्यायचा ते सगळं नीट समजावून दिलं. दोनदा.

मला राहवलं नाही. “तुम्हाला कळतंय ना, त्याचं मत कुठे जाणार ते? तुम्ही हराल.”

“हरण्या-जिंकण्याचं माझ्याकडे काही नसतं. मला जे वाटतं ते मी सांगितलं. ठरवायचं त्यांनी.”

“आणि उघडा म्हणून ठरलं तर? मग घालाल खोडा काहीतरी.”

त्या उठून नकाशापाशी गेल्या आणि मला दाखवलं. उघडायचा ठरलाच तर दोन्ही टोकांना माणूस उभा, एका वेळी मोजकेच लोक आत, वारा वाढला की बंद, रोज सकाळी तारांची तपासणी. कुठल्या माणसांना कुठल्या पाळीला उभं करायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शाळेच्या मुलांना कुठून रांगेत न्यायचं तेही. स्वतःला जे मुळीच पसंत नाही, ते करायची वेळ आली तर उत्तम कसं करायचं, त्याची तयारी ही बाई करून बसली होती. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांची न आवडणारी मापं शिवली आहेत. आवडीचा कपडा कुणीही सुरेख शिवतं. नावडता शिवताना टाका तितकाच बारीक घालणारा माणूस मला फार कमी भेटलाय. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर पडले. पायऱ्यांवर आल्यावर लक्षात आलं की मी भांडायला आले होते.

दुकान शेजारच्या चष्मेवाल्याने घेतलं, सामान ठेवायला. किती दिले ते विचारू नका, बंद पुलाच्या टोकाचं दुकान होतं ते. बारक्या सही करायला तयार नव्हता. म्हणाला, बाबांचं आहे. मी म्हटलं, तू लोकांना शब्द दिलायस, बाबा असते तर त्यांनीच तुझा कान धरून सही करवली असती. बाबांची मशीन स्वयंपाकघरात आणून ठेवली तेव्हा मला भडभडून आलं. पण मनाशी म्हटलं, पूल तर उघडेल.

आता बारक्याला पुलाबद्दल बोलायची मोकळीक मिळाली. आणि तो काय करतो? थेट बाईंकडे जातो आणि म्हणतो, मत द्यायच्या आधी मला पूल खालून बघायचाय. बाई म्हणाल्या, मी इंजिनिअरला सांगते, उद्या सकाळी या, आणि ज्या सदस्याला यायचं असेल त्याने यावं असं सगळ्यांना कळवते. आले दोघेच, बारक्या आणि अध्यक्ष. औषधवाल्यांनी निरोप धाडला, आम्हाला जनतेची नाडी कळते, तारा बघायची गरज नाही.

तो परत आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हात धुतले नाहीत, तसाच येऊन उभा राहिला. हातांना गंजाचा लाल रंग.

“ताई, मी उघडा म्हणू शकणार नाही.”

मला आधी कळलंच नाही.

“वरून रंग फासलेला आहे म्हणून आपल्याला दिसत नाही. खाली जिथे तारा जमिनीत जातात तिथे एक खोली आहे. तिथे मी हात लावून बघितलं. तारा म्हणजे माझं रोजचं काम आहे. एवढ्या तुटलेल्या तारांवर मी एका माणसाची लिफ्टसुद्धा चालवणार नाही. तिथे सकाळी सगळी वस्ती असते. तूही कधीतरी असशील.”

“बाई म्हणाल्या होत्या की त्या माणसं उभी करतील. मोजकेच लोक सोडतील.”

“त्या करतील. त्यांच्याकडून कसूर होणार नाही. पण मोजके म्हणजे किती, ताई? कोण मोजके?”

मी लाटणं खाली ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. दुकान विकायच्या आधी का नाही बघितलंस. माझ्या हातचं गेलं आणि तुला आता तारा सुचतायत. त्या बाईने तुला फितवलं. तो म्हणाला, त्यांनी एक शब्द सांगितला नाही, त्या तर वरच उभ्या होत्या. मी म्हटलं, माझ्याशी बोलू नकोस. आणि सभेच्या दिवसापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, सरकवायचे, बस्स.

तो मात्र गप्प बसला नाही. बाईंकडे एक योजना घेऊन गेला. पूल बंद राहणार असेल तर दोन गाड्या हव्यात, अमुक ड्रायव्हर, अमुक रस्ता, अमुक थांबे. बाई म्हणाल्या, गाडी आणि ड्रायव्हर माझ्यावर सोडा. तुम्ही मला एवढं सांगा की तुमच्या लोकांना कुठे, किती वाजता पोहोचायचं असतं. ते मला इथे बसून कळत नाही, ते तुम्हालाच कळतं. मग तो वस्तीत दारोदार फिरला. हे मला शेजारणीने सांगितलं, कारण आमच्या घरात तर अबोला.

सभेला मी गेले. नाही गेले असते तर चाललं असतं, पण घरात बसवेना. बाक भरलेले, भिंतीला टेकून लोक उभे. औषधवाल्यांनी मोठं भाषण केलं. मग मॅनेजरबाईंकडे वळून म्हणाले, “या सभागृहाने उघडा म्हटलं, तर तुम्ही काय कारणं सांगणार आहात?”

“कारणं नाही सांगणार. उद्या सकाळी उघडेन,” बाई म्हणाल्या. आणि दोन्ही टोकांचा माणूस, वारा, रोजची तपासणी, शाळेची रांग, जे मला त्यांच्या खोलीत सांगितलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं. आवाजात कुरकुर नाही, टोमणा नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “माझं मत विचाराल तर अजूनही तेच आहे. उघडू नका.” आमच्या लोकांनी पहिल्या भागाला टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, झालं काम.

मग बारक्या उभा राहिला. इतका पांढराफटक मी त्याला तापातही पाहिला नव्हता. म्हणाला, “मी पूल उघडतो असा शब्द देऊन इथे आलो. तेव्हा मी पूल वरून बघितला होता. आता खालून बघितलाय. मी शब्द मोडतोय, आणि तो मोडतोय हे तुमच्या तोंडावर सांगतोय. मॅनेजरबाईंनी मला पटवलं नाही. मी विचारलं तेवढं त्यांनी दाखवलं, आणि तारा मला कळतात.” मागून कुणीतरी शिवी दिली. अध्यक्षांनी मतं घेतली. उघडा म्हणणारे पाच हात वर गेले. विरोधात कोण म्हटल्यावर पाच हात, आणि बारक्याचा.

मग त्याने आपला ठराव मांडला. तारा बदलायचं काम लगेच सुरू करावं, आणि तोवर वस्तीतल्या माणसांना त्यांच्या पाळीच्या वेळी पलीकडे पोहोचवायची आणि परत आणायची सोय फुकट करावी. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, एक अक्षर नाही. फक्त कुणाला किती वाजता कुठे पोहोचायचं असतं ते त्याने वाचून दाखवलं. इस्पितळाची पहाटेची पाळी, शाळेची घंटा, कारखान्याचा भोंगा. अध्यक्षांनी विचारलं, जमेल का. बाई म्हणाल्या, सोमवारपासून. तो ठराव सगळ्यांनी मंजूर केला, औषधवाल्यांनीसुद्धा, कारण त्याला नाही म्हणून चौकात दुकान चालवणं अवघड होतं.

बाहेर पायऱ्यांवर वस्ती उभी होती. बारक्या मागच्या दाराने जाऊ शकला असता. तो पुढच्याने आला. लोकांनी त्याला वाट दिली नाही. कुणी म्हणालं विकला गेलास, कुणी म्हणालं पुढच्या वेळी ये मत मागायला. तो सगळ्यांना तारांचं सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. शेजारीण पुढे झाली. तिला रोज पहाटे वळसा घालून जावं लागायचं, तिचा राग खरा होता. ती त्याला काही बोलली नाही. माझ्याकडे वळली.

“आणि तू गं? बापाचं दुकान विकलंस याच्या मतासाठी. काय मिळालं तुला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, बारक्याही. इतके दिवस मीही स्वतःला तेच विचारत होते आणि दर वेळी माझा संताप संताप होत होता. उत्तर तिथेच आलं.

“त्याला हात वर करता यावा म्हणून विकलं,” मी म्हटलं. “तो कुठल्या बाजूने वर करायचा, हे मी विकत घेतलं नव्हतं.”

शेजारणीने बारक्याला विचारलं, “खरंच एवढं गंजलंय?” आणि या वेळी तो सांगायला लागला तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं. पटलं सगळ्यांना असं नाही. पण ऐकून घेतलं.

तेवढ्यात मॅनेजरबाई कुलूप लावून बाहेर आल्या. गर्दी बघून थांबल्या. बारक्याकडे आल्या नाहीत, त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, आभार मानले नाहीत. हा त्यांचा माणूस आहे असं कुणाला वाटू नये, एवढं भान त्या क्षणीही त्या बाईला होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान लववली, माझीही मान आपोआप लवली, आणि त्या आपल्या वाटेने गेल्या.

आम्ही घरी निघालो, गाड्यांच्या पुलावरून, सगळेच. बारक्या माझ्यापासून जरा अंतर ठेवून चालत होता. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि दुकान गेल्याचं दुःखही तितकंच होतं. दोन्ही एकदमच होतं, एकाने दुसरं कमी झालं नाही. पुलाच्या मध्यावर मी थांबले आणि तो जवळ येईपर्यंत वाट पाहिली.

“सकाळपासून काही खाल्लंयस का?”

“नाही.”

“मग चल भराभर,” मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. सोमवारी पहाटे गाडी वेळेवर आली.